नाकाशी धरलेली चप्पल

ज्या दिवशी प्रयोग असतो, त्या दिवशी परभणीच्या बाजारातून कॉलेजकडे येताना शेअर रिक्षात माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा असतो. डब्यात बर्फ आणि बर्फात शेळीची मुंडकी. रोजची माणसं विचारत नाहीत. नवी असली की विचारतात.

"काय हाय बाई डब्यात, मासे का?" माझा हेल अजून कोकणातलाच आहे, म्हणून मासे.

"मुंडकी आहेत."

"आता गं माय. खाणावळ हाय का तुमची?"

"नाही, कॉलेजात नेतेय. औषधाच्या कॉलेजात. आम्हांला फक्त नाक लागतं."

मग शेजारचे जरा सरकून बसतात. एकदा एका म्हाताऱ्यानं बराच विचार करून विचारलं, "अन् बाकीच्याचं काय करता?" त्याच्या सुरावरून त्याला बाकीचं चाललं असतं.

मी सातवी शिकले, तीही पुरती नाही. आणि जिथं मी काम करते तिथं येणारी माणसं एम.फार्म. होऊन आलेली असतात, काही पीएच.डी. करत असतात, काही दुसऱ्या कॉलेजांत शिकवत असतात. मेंदूच्या आजारांवरचं औषध नाकातून कसं देता येईल, यावर संशोधन करायला इथं त्यांना शिकवतात. शिकवतात आमच्या मॅडम. मी प्रयोगशाळेतली मदतनीस, पण प्रत्येक तुकडीचा पहिला तास मी दारात उभी राहून ऐकते, त्यामुळे तो आता मला पाठ आहे.

मॅडम सांगतात की गोळी पोटात जाते, तिथून रक्तात जाते, पण मेंदूपाशी आली की तिथला पहारा बऱ्याच औषधांना आत सोडत नाही. नाकात मात्र अगदी वर, जिथं आपल्याला वास कळतो, तिथून मेंदू फार जवळ. "शेजारी कुणी बोंबील भाजले तर तुम्हांला किती वेळात कळतं?" असं त्या माझ्याकडे बघून वर्गाला विचारतात. वर्गातले निम्मे नाक मुरडतात. "बघा," मॅडम म्हणतात, "नुसत्या नावानं पोचला."

मग खरं काम सुरू होतं. काचेची एक उभी कुपी असते, मधे उघडून तिचे दोन भाग होतात. त्या दोन भागांत शेळीच्या नाकातला आतला पातळ पडदा ताणून बसवायचा, वर औषध घालायचं आणि पडद्यातून खाली किती उतरतं ते ठरल्या वेळानं तपासायचं. पडदा काढताना पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे फाटतात. माझेही फाटले होते. मॅडम म्हणतात त्यांचेही फाटले होते, पण ते आम्हांला धीर द्यायला असेल.

त्या कुप्या धुणं, वाळवणं आणि ट्रेमध्ये लावून टेबलांवर नेणं हे माझं काम. काच नाजूक आणि महाग. भरलेला ट्रे दोन्ही हातांत धरून मी त्या लांबलचक खोलीतून चालते तेव्हा माझ्यासारखी सुखी बाई दुसरी नसते. कुणी खुर्ची मागं घेऊन वाट देतं. कुणी दार धरतं. हे लिहायला साधं आहे, पण माझ्या हातात काच देणारं त्याआधी कुणी भेटलं नव्हतं.

कारण मला फिट येते. यायची असं म्हणावं, इतकी वर्षं झाली आता. पण डॉक्टर म्हणतात, 'येते' असंच म्हणत जा, म्हणजे गोळी चुकत नाही.

फिट ही अशी गोष्ट आहे, की ती सगळ्या गावानं पाहिलेली असते, जिला येते तिनं सोडून. मला फक्त शेवट माहीत असायचा. तोंडात रक्ताची चव. नाकात चामड्याचा वास, कारण आमच्या कोकणातही कुणी पडलं की चप्पल नाहीतर फोडलेला कांदा हुंगवायची पद्धत. डोळे उघडले की भोवती पायांचं रिंगण, शेजाऱ्यांचे, मुलांचे, ओळखीचे पाय. आणि माझा फ्रॉक गुडघ्यांखाली नीट ओढलेला. मी काही न बोलता उठायचे आणि घरी जायचे. पाठीमागं सगळे हसत असणार असं मी धरून चालायचे.

सातवीत असताना वर्गात आली. हेडमास्तरांनी वडलांना बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण घरी बसवा. इथं काही झालं तर आम्ही कुठं धावायचं?" ते वाईट बोलले असं मला आजही वाटत नाही. ते घाबरले होते. पण त्या दिवसापासून घरातही सगळे त्यांच्यासारखेच घाबरले. विहिरीवर जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. पाहुणे आले की कपबश्यांचा ट्रे धाकटी बहीण घेऊन जायची. मी आत बसून खुळखुळ ऐकायची. लग्नाचं कुणी बोललं नाही, आणि बहिणीचं ठरवताना मला मावशीकडे पाठवलं.

मला तिथून बाहेर काढलं एका एसटीच्या कंडक्टर बाईंनी. त्या परभणीजवळच्या पाथरीकडच्या, बदली आमच्या डेपोला. आमच्या गावात वस्तीची गाडी असते, संध्याकाळी येते आणि पहाटे पहिली निघते. ड्रायव्हर गाडीतच झोपायचा, बाईमाणूस गाडीत कशी झोपणार, म्हणून त्या आमच्या पडवीत झोपायच्या. एका पहाटे त्या निघायच्या वेळेलाच मी अंगणात पडले. शुद्धीवर आले तेव्हा गाडी अजून उभी होती, आतले प्रवासी हॉर्न वाजवायला सांगत होते आणि या बाई तिकिटांचं मशीन गळ्यात घालून माझ्या उशाशी बसून आईला सांगत होत्या, "मावशी, हिला बाहेरचं काय बी न्हाई. आमच्याकडं हिच्यासारखी लेकरं गोळ्या खाऊन शाळेत जायलेत. तुमी तिला देवऋषाकडं न्यायलाव, दवाखान्यात कधी नेणार?"

त्यांची बदली परत गावाकडे झाली तेव्हा त्या मला बरोबर घेऊन आल्या. आईनं पाठवलं, कारण तिला दुसरं काही सुचत नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्या मला मानवल्या. कंडक्टर बाईंच्या घरी राहून काही महिने गेले आणि मग त्यांनीच कुठून तरी या कामाचं ऐकून मला मॅडमसमोर उभं केलं. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मला फिट येते."

मॅडमनी विचारलं, "गोळी वेळेवर घेता?"

"घेते."

"मग स्टुलावर चढायचं नाही आणि गॅसपाशी एकटीनं थांबायचं नाही. काच चालेल."

"फुटली तर?"

"तर काच फुटेल," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून या. मुलांना सांगायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी सांगितलं नाही. तुकड्या आल्या नि गेल्या, मी सगळ्यांची ताई होते आणि ट्रे माझ्या हातात होता. सांगितलं की तो जाणार, एवढं मला कळत होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या तुकडीत फिटवरच्याच फवाऱ्याचं काम होतं. फिट थांबत नसेल तेव्हा माणसाला गोळी गिळता येत नाही, आणि घरात सुई टोचणारं कुणी नसतं. अशा वेळी नाकात एक फवारा मारता आला तर? त्यासाठी बोटभर कुपी आणि तिचं टोक कसं असावं, हे ती मुलं शिकत होती. त्यांच्यात विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवणारे एक उंच सर होते, आणि परभणीजवळच्याच झरी गावची एक मुलगी होती, जिला आपण झरीची आहोत हे दर दोन वाक्यांनी सांगायची सवय होती. टेबलावर प्लॅस्टिकचं एक डोकं पक्कं बसवलेलं होतं, नाकाची एक बाजू आरपार दिसणारी. त्यात रंगीत पाणी फवारायचं आणि ते वर कुठपर्यंत लागतं ते बघायचं. सरांचा नेम पहिल्यापासून अचूक. दरवेळी अगदी वर, हवं तिथं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "हे डोकं फार गुणी आहे. हलत नाही, दात खात नाही, त्याला नातेवाईकही नाहीत. आता गावात जाऊन करून बघू."

झरीची लगेच म्हणाली, "आमच्या झरीलाच चला मॅडम. मी सरपंचायला बोलते."

ठरलं असं, की गावाला आधी सगळं सांगायचं, परवानगी घ्यायची, कुपीत नुसतं मिठाचं पाणी भरायचं. एकानं पेशंट होऊन पडायचं आणि लोकांनी माणूस पडल्यावर एरवी जे करतात तेच करायचं. त्यातून यांनी फवारा नाकात पोचवायचा.

पेशंट व्हायला सर तयार झाले. प्रयोगशाळेतच त्यांनी रुमाल अंथरला, त्यावर डोकं ठेवलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हातपाय झाडायला लागले.

"सर," झरीची म्हणाली, "तुमी फिट आणायलात का गाडीला किक मारायलात?"

सगळे हसले. मीही हसले, भरलेला ट्रे हातात धरून. आणि हसता हसता थांबले, कारण माझं असंच होत असेल का, हे मला सांगता येत नव्हतं. इथं बसलेल्या प्रत्येकानं कुणाची ना कुणाची फिट पाहिलेली होती. माझी मात्र मीच पाहिलेली नव्हती.

"मी पडते," मी म्हणाले. "मला येते. खरी."

सर उठले, चष्मा घातला, माझ्याजवळ आले आणि अगदी हळू, कुणाला लागू नये असं, माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. "असू दे ताई, मी ठेवतो." ट्रे टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, आली तर आम्ही काय करायचं?"

"मला काय माहीत सर," मी म्हणाले. "मी तिथं नसते."

झरीला जायला दोन-तीन दिवस होते. त्या दिवसांत सर सकाळी माझ्याआधी येऊन ट्रे लावायचे, स्वतः न्यायचे. त्यांचं बघून बाकीचेही न्यायला लागले. मी धुवायची आणि ते उचलायचे. सगळे गोड बोलायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. मॅडमना दिसत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सांगितलंस कित्याक? कोण इचारूक इल्ला?" खरंच, कुणी विचारायला आलं नव्हतं.

झरीत विहारासमोर मोकळी जागा आहे, तिथं सतरंजी घातली. बरीच माणसं जमली. मॅडमनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं की हे नाटक आहे, बाई ठीक आहे, तुम्ही नेहमीसारखं करा. मी आडवी झाले आणि डोळे मिटले. नाटक करता करता खरी आली तर, हा एकच विचार. गोळी सकाळी घेतली होती, तरी पुन्हा पुन्हा आठवून बघत होते. मग मी अंग ताठ केलं आणि हात झाडले.

क्षणभर कुणी काही केलं नाही. लाजत होते. मग एक बाई म्हणाली, "अगं धरा की तिला," आणि बांध फुटला.

"चप्पल आना, चप्पल."

"ही नगं, रबराची हाय. चामड्याची पायजे."

"चामड्याची हाय कुणाकडं आता? सगळ्यायच्या रबराच्याच."

"आजोबाचा जोडा हाय ना."

"डाव्या पायाचा दे."

"उजव्याचा चालतो."

"तुला काय माहीत, तुझ्या घरात आली का कुणाला?"

कुणीतरी माझे घोटे दाबून धरले. मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. कांदा फोडल्याचा आवाज आला, तोही अगदी कानाशी. आणि मग तो वास, ओळखीचा, जुना, घामेजलेल्या चामड्याचा. जोडा थेट नाकावर. डोळे मिटलेले असूनही मला हसू यायला लागलं, कारण सरांचा आवाज बाहेरून कुठून तरी, "जरा वाट... आजोबा, जरा मला..." असा यायचा आणि कुणीतरी त्यांना सांगायचं, "तुमी बाजूला व्हा सर, डॉक्टरला येऊ द्या." सरांच्या हातात कुपी होती, नेम अचूक होता, फक्त नाक रिकामं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारा आवाज आला, बाईचा, अगदी पायांपाशी. "अगं साडी बघा की तिची. वर चाललीय." आणि कुणीतरी माझी साडी धरून घोट्यांपर्यंत खाली ओढली, चापूनचोपून, अंथरूण घालावं तशी. "अन् तुमी रे, काय बघायलाव? तिकडं तोंडं करा."

"आजी, खोटं खोटं हाय ते," कुणी पोरगं म्हणालं.

"असू दे. पाय तर खरेच हायत."

तिनं पदर पसरला असावा. मिटल्या पापण्यांवरचं ऊन गेलं आणि सावली आली.

मी हात झाडायचं विसरले. शाळेच्या पटांगणात, अंगणात, बाजारात, जिथं जिथं मी पडले तिथं फ्रॉक गुडघ्यांखालीच असायचा. तो आपोआप तसा राहत नाही. इतकी वर्षं मी हसणारी माणसं मोजत आले, आणि त्या गर्दीत दरवेळी कुणाचा तरी हात फ्रॉक ओढत होता, त्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"थांबली वाटतं," आजोबा म्हणाले. "बघा, जोड्यानं थांबली."

मी घाईनं पुन्हा हात झाडले.

आता सर गर्दीत शिरून खाली बसले होते, त्यांचा आवाज जवळून आला. "आजोबा, जोडा हुंगवायला तुमचाच हात पुढं असतो ना दरवेळी?"

"हौ, माझाच. चामड्याचा माझाच हाय."

"मग ही कुपीही तुम्हीच घ्या. जोडा खाली ठेवा. हे टोक नाकपुडीत घाला आणि खालून दाबा. जोरात."

आजोबांनी दाबलं. जोरातच दाबलं. खारट पाणी नाकात वर कुठं तरी जाऊन डोळ्यांतून निघालं आणि मला अशी शिंक आली की भर फिटमध्ये मी उठून बसले. सगळं गाव हसलं. मीही हसले, डोळे पुसत. पदर पसरलेली आजी माझ्याकडे बघत होती. तोंडात दात नव्हते तिच्या. "बरं वाटायलंय का आता?" तिनं विचारलं, जणू खरंच झालं होतं.

"बरं वाटतंय आजी," मी म्हणाले.

मग मॅडमनी सांगितलं की पडलेल्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत, आवरत नसेल तर दवाखाना गाठायचा. आजोबांना ते पटलं, पण पुरतं नाही.

"पण जोडा हुंगवल्यावर थांबतीच की."

"थांबते," मॅडम म्हणाल्या. "नाही हुंगवला तरी बहुतेक वेळा थांबते."

"मग हुंगवायला काय जातंय?"

मॅडमच्या आधी सर बोलले. "नाक जातंय आजोबा. ती जागा आम्हांला पाहिजे."

आजोबांनी जोडा पायात घातला आणि मान हलवली. "मंग घ्या," ते म्हणाले.

परतताना जीपमध्ये सर आणि झरीची भांडत होते. तिचं म्हणणं, कुपी मोठ्या माणसाच्या मुठीत बसेल अशी जाड करायची, कारण घाईत ती धरणारा हात संशोधकाचा नसणार. सरांचं म्हणणं, हे आपण आधी बोललो होतो. मॅडम पुढं बसून ऐकत होत्या आणि मधे पडत नव्हत्या. तेव्हा मला कळलं की त्या मधे न पडताच शिकवतात. ट्रेच्या वेळीही त्यांनी तेच केलं असेल. माझा राग थोडा उतरला.

खोलीवर पोचल्यावर आईला फोन केला. "आये, मी पडायचे तेव्हा माझा फ्रॉक कोण ओढायचं?"

"कोण म्हणजे?" आई म्हणाली. "जी जवळ आसायची ती. त्यात काय इचारतंस?" आणि मग, "जेवलंस?"

दुसऱ्या दिवशी मी सरांच्याही आधी गेले. कुप्या पुसून ट्रेमध्ये लावल्या. सर आले, त्यांनी सवयीनं हात पुढं केला. मी ट्रे सोडला नाही.

"सर, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, आली तर काय करायचं. आता सांगते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. हातातला ट्रे धरायला धावू नका, तो पडू दे, काच फुटेल. आणि साडी खाली ओढा. ती आधी ओढा."

सरांनी पुढं केलेला हात मागं घेतला. झरीची मागून म्हणाली, "साडीचं मी बघते ताई. सरांला जमणार न्हाई."

"बरं," सर म्हणाले, आणि माझ्यापुढं जाऊन त्यांनी खोलीचं दार उघडून धरलं.